चतुरांचें दप्तर

पावसाळा सरत आला आणि आश्विनाचें ऊन तापूं लागलें म्हणजे भाताच्या खाचरांवर, गांवाबाहेरच्या माळांवर आणि शहरांतल्या मोकळ्या पटांगणांवर चतुरांचे थवे घिरट्या घालूं लागतात. त्यांच्या शेपटीस दोरा बांधून त्यांना पतंगाप्रमाणें उडविण्याचा खेळ महाराष्ट्रांतल्या मुलांच्या कित्येक पिढ्यांनीं खेळलेला आहे. तो क्रूर खेळ आहे हें बहुतेकांना मोठेपणींच कळतें. याच कुळांतला दुसरा कीटक ओढ्याकाठच्या गवतावर पंख मिटून निमूट बसलेला असतो. त्याचें अंग इतकें बारीक कीं मराठींत त्याला टाचणी हेंच नांव पडलें. नांव ठेवणाऱ्याच्या स्वप्नांतहि नसेल असा एक योगायोग मात्र त्यांत साधला आहे. कीटकशास्त्रज्ञ आपले नमुने टाचणीलाच टोचून ठेवतात. आणि जगांतल्या संग्रहालयांच्या अंधाऱ्या कपाटांतून अशा टाचणीला टोचलेल्या टाचण्या व चतुर लाखोंनीं पडून आहेत. त्या प्रत्येकाच्या खालीं नखाएवढी एक चिठ्ठी असते. हा कीटक कोणत्या ठिकाणीं, कोणत्या दिवशीं, कोणीं धरला, एवढेंच त्या चिठ्ठीवर लिहिलेलें असतें. पेशवे दप्तरांतील रुमाल सोडून बसलेल्या संशोधकाला तिथि व ठिकाण नसलेला कागद जितपत उपयोगी, तितपतच चिठ्ठी हरवलेला चतुर शास्त्रज्ञाला उपयोगी.

चतुर आणि टाचण्या मिळून जो गण होतो, त्यांत आज जगभर सहा हजारांहून अधिक जाति ज्ञात आहेत. भारतापुरती २०१७ सालीं प्रसिद्ध झालेली यादी ४८८ जातींची आहे. यांपैकीं बहुतेक सर्वांचें बाळपण पाण्यांत जातें. मादी पाण्यांत किंवा पाण्याजवळ अंडीं घालते; त्यांतून निघणारा डिंभ पाण्याखालीं लहानसहान जीव मारून खात वाढतो, आणि पुरेसा वाढला म्हणजे एखाद्या काडीवर चढून, कात टाकून, पंख घेऊन बाहेर पडतो. साचलेलें डबकें, भाताचें खाचर, धबधब्याखालचा खडक, सह्याद्रीच्या रानांत सावलीखालून वाहणारा ओहळ, या जागांवरचे चतुर निरनिराळे असतात. कांहीं जाति तर एकाच डोंगररांगेच्या बाहेर कोठें सांपडत नाहींत. ओढा आटला, नासला किंवा त्याच्यावर बांध पडला कीं त्याच्या आधारानें जगणारी जातहि तेथून उठते. म्हणून शंभर वर्षांपूर्वींची चतुराची चिठ्ठी ही शंभर वर्षांपूर्वींच्या एका ओढ्याची साक्ष असते.

ही साक्ष टिकविणें सोपें नाहीं. फुलपाखराचा रंग त्याच्या पंखांवरील खवल्यांत असतो व तो मेल्यावरहि बराच राहतो. चतुराच्या अंगावरचा निळा-हिरवा रंग आणि डोळ्यांतलें पाणीदार तेज मात्र मरणानंतर थोड्याच वेळांत काळवंडतें. हल्लीं नमुना अॅसिटोनांत बुडवून काढतात. त्यानें अंगांतली चरबी व पाणी निघून जातें आणि रंग बऱ्यापैकीं राहतो. जुन्या संग्राहकांना या युक्तीचा लाभ नव्हता. ते चतुराचे पंख मिटून त्याला कागदाच्या त्रिकोणी पाकिटांत घालीत आणि पाकिटावरच ठिकाण व तारीख लिहून ठेवीत. रंग गेला तरी जात ओळखण्याचीं दुसरीं साधनें उरतात. पंखांवरील शिरांची जाळी पाहावी लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नराच्या शेपटीच्या टोकाशीं असलेले चिमट्यासारखे अवयव. त्यांनीं नर मादीला धरून ठेवतो, आणि प्रत्येक जातींत त्यांचा घाट वेगळा असतो. नव्या जातीचें वर्णन ज्या नमुन्यावरून प्रथम केलें जातें तो तिचा मूळ नमुना. पुढें केव्हांहि वाद पडला तर छापील वर्णन बाजूस ठेवून त्या मूळ नमुन्याकडेच जावें लागतें. नकलेवरून निवाडा न करितां अस्सल सनद मागावी, तसेंच हें.

या दप्तराची सुरुवात गबाळीच झाली. स्वीडनच्या लिनीयसनें १७५८ सालीं प्राण्यांना दोन शब्दांचीं नांवें देण्याची पद्धति घातली, तेव्हां त्याच्या ओळखीचे सारे चतुर व टाचण्या त्यानें एकाच प्रजातींत कोंबल्या. लंडनचा ड्रू ड्र्यूरी हा पेढीवर सोन्याचांदीचें काम करणारा गृहस्थ. दूरदेशीं जाणाऱ्या गलबतांवरील लोकांकडून तो कीटक मागवीत असे. आज मुंबई-पुण्याच्या बागांतून सर्रास दिसणारा लालभडक चतुर, आणि दुसऱ्या चतुरांवरहि तुटून पडणारा हिरवट अंगाचा, काळ्या पट्ट्यांचा चतुर, या दोहोंना शास्त्रीय नांवें ड्र्यूरीनें १७७० ते १७७३ या अवधींत दिलीं. १८०४ सालीं तो वारला आणि दुसऱ्याच वर्षीं त्याचा संग्रह लिलावांत निघून पांगला. लिनीयसचा शिष्य फाब्रिशियस याला हिंदुस्थानचे कीटक तरंगमबाडीकडून मिळत. तेथें डेन्मार्कची वसाहत होती आणि तेथले मिशनरी व अधिकारी कीटकांच्या पेट्या युरोपांत धाडीत. आश्विनांत थव्यांनीं फिरणारा जो पिवळसर चतुर, त्याला १७९८ सालीं फाब्रिशियसनेंच नांव दिलें. तो कोठला, याचें उत्तर त्यानें एका शब्दांत दिलें आहे: हिंदुस्थानचा. हिमालयापासून कन्याकुमारीपर्यंतचा मुलूख त्या एका शब्दांत बसतो. तत्कालीन संग्राहकाला त्याचें कांहीं वाटत नसे. कीटक सुंदर व नवा असला म्हणजे झालें.

पद्धतशीर काम केलें तें बेल्जियमच्या बॅरन एदमाँ द सेलीस लाँशां यानें. हा १८१३ सालीं जन्मला आणि १९०० सालीं, ८७ वर्षांचा होऊन वारला. तो जहागीरदार होता, उदारमतवादी राजकारणी होता, १८८० ते १८८४ पर्यंत बेल्जियमच्या सीनेटचा अध्यक्ष होता. आणि या सर्व व्यापांतून उरलेला वेळ त्यानें चतुरांना दिला. वस्तुतः राजकारण हाच त्याचा फावल्या वेळचा उद्योग असावा अशी शंका त्याच्या ग्रंथांची यादी पाहून येते. दूरदूरचे प्रवासी आपलें धन त्याच्याकडे आणून देत. इटलीच्या लेओनार्दो फेआनें ब्रह्मदेशांत गोळा केलेल्या चतुरांवर सेलीसनें १८९१ सालीं मोठा निबंध लिहिला. ब्रह्मदेशाच्या जंगलांत तो स्वतः कधींहि गेला नव्हता. फ्रान्सच्या रांबूरनें १८४२ सालीं वर्णिलेले कितीएक मूळ नमुनेहि अखेर सेलीसच्याच संग्रहांत येऊन पोंचले. रंग उडून जातो ही अडचण ओळखून या संग्रहासाठीं जलरंगांत चित्रें काढविण्यांत आलीं. सेलीसच्या पश्चात् तो सर्व ठेवा ब्रुसेल्सच्या संग्रहालयांत गेला, आणि त्याची वर्णनात्मक सूचि करण्याचें काम रने मार्तां व फ्रीडरिख रिस यांच्याकडे आलें. रिसनें केलेल्या भागांचें प्रकाशन १९०९ पासून पुढें कित्येक वर्षें चाललें होतें. एका माणसानें जमविलेल्या पेट्यांची सूचि करण्यास दुसऱ्याचें अर्धें आयुष्य लागावें, हें या शास्त्रांत नवल नाहीं.

रिस हा स्वित्झर्लंडमधील मनोरुग्णालयाचा वैद्य होता. रांबूर वैद्य होता. सेलीसचा सहकारी हागेन वैद्यच होता. चतुरांच्या अभ्यासांत वैद्यमंडळींची ही एवढी भरती कां, याचें कारण कोणीं दिलेलें आढळत नाहीं. पण हिंदुस्थानांतहि तोच प्रकार घडला. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधील चतुर तपासून त्यांवर लेख लिहिणारा लेडलॉ हा इंग्लंडांतील डॉक्टर, आणि हिंदी चतुरांचा खरा इतिहासकार फ्रेडरिक चार्ल्स फ्रेझर हा तर इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला लष्करी डॉक्टर.

फ्रेझरनें या देशांत जें काम केलें त्याला तोड नाहीं. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना १८८३ सालीं झाली; तिच्या नियतकालिकांत १९१८ पासून १९३४ पर्यंत फ्रेझरची हिंदी चतुरांवरील लेखमाला चालू होती. १९२४ सालीं इंडियन म्युझियमच्या मुखपत्रांत त्यानें पश्चिम हिंदुस्थानांतील चतुरांची पाहणी प्रसिद्ध केली, तींत एकदम ३० नव्या जातींचीं वर्णनें आहेत. कूर्ग, निळगिरि, मलबार या भागांतले ओढेनाले त्यानें पिंजून काढले. त्यांतल्या कांहीं जाति दाट रानांत, पाऊस चालू असतांना, कांतरवेळीं उडणाऱ्या. जळवा आणि चिखल यांची पर्वा न करितां जो त्या वेळीं तेथें उभा राहील त्यालाच त्या दिसावयाच्या. शेवटीं १९३३, १९३४ व १९३६ या सालीं ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेंत त्याचे तीन खंड निघाले. ब्रह्मदेश व सिंहलद्वीप यांसह सर्व देशांतील चतुर व टाचण्या त्यांत आल्या. आज नव्वद वर्षें होत आलीं तरी भारतांत चतुरांवर काम करणाऱ्याच्या हाताशीं ते तीन खंड असावेच लागतात.

तरीहि फ्रेझरच्या कामांत एक उणीव राहिली, आणि ती त्याच्या काळाची होती. अनेक नमुन्यांपैकीं हाच एक मूळ नमुना, असें स्पष्ट नेमून ठेवण्याची शिस्त त्या वेळीं सर्वत्र रुळलेली नव्हती. त्याच्या संग्रहाचा मोठा भाग लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें गेला. १९६३ सालीं फ्रेझर वारला. त्यानंतर तीन वर्षांनीं, १९६६ सालीं, त्या संग्रहालयाच्या किमिन्स नांवाच्या शास्त्रज्ञानें एक यादी छापली: फ्रेझरनें वर्णिलेल्या जातींचे कोणते मूळ नमुने या संग्रहालयांत आहेत, त्यांच्यावर काय चिठ्ठ्या आहेत, एवढाच तिचा विषय. तींत ना वाङ्मयीन सौंदर्य, ना एखादा नवा सिद्धान्त. परंतु सह्याद्रींत धरलेला चतुर फ्रेझरच्या एखाद्या जातीचा आहे कीं नाहीं, हें ठरवूं पाहणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला आपली अस्सल सनद हजारों मैलांवर कोणत्या कपाटांत आहे हें त्या यादीनें सांगितलें. तिच्यासाठीं तिकडे जावें लागे, ही गोष्ट वेगळी.

पेटींत ठेवलेल्या वस्तूचें महत्त्व तिला ठेवणाऱ्यालाहि कधीं कधीं माहीत नसतें. १९१८ सालीं स्टॅन्ली केंप यानें दार्जिलिंगच्या बाजूस एका ओढ्यांतून एक डिंभ धरला. तो कोणत्याच ज्ञात चतुराच्या डिंभासारखा नव्हता, टाचणीसारखाहि नव्हता. तो टिल्यार्डकडे गेला, आणि १९२१ सालीं टिल्यार्डनें ओळखलें कीं चतुर व टाचणी या दोहोंच्या मधल्या ज्या प्राचीन शाखेचे अवशेष मुख्यतः दगडांतच सांपडतात, तिचा हा जिवंत वंशज आहे. त्या वेळेपर्यंत असा एकच वंशज ठाऊक होता, आणि तो जपानांत. हिमालयांतल्या जातीला टिल्यार्डनें लेडलॉचें नांव दिलें. पंख फुटलेला कीटक मात्र कोणींहि पाहिलेला नव्हता. तो असावा, असें म्हणून त्याचें वर्णन प्रसिद्ध व्हावयास १९६३ साल उजाडलें. मधलीं चाळीस वर्षें ही सारी जात शास्त्राच्या दृष्टीनें एका डिंभाच्या आधारावर उभी होती. ती बाटली फुटली असती तर?

फुटण्याचे प्रसंग थोडे आले नाहींत. १९३४ च्या जानेवारींत बिहारला भूकंप झाला, त्यांत पुसा येथील कृषिसंशोधन संस्थेची इमारत उद्ध्वस्त झाली. या संस्थेच्या संग्रहांतील चतुरांवर फ्रेझरनें १९२२ सालीं निबंध लिहिला होता. तो कीटकसंग्रह पुढें संस्थेबरोबर दिल्लीस आला. १९४३ हें साल त्याहून वाईट ठरलें. त्या वर्षींच्या जुलैमध्यें हँबर्ग शहरावर बाँबवर्षाव झाला आणि तेथलें प्राणिसंग्रहालय जळालें. मद्यार्कांत ठेवलेले नमुने दुसरीकडे हलविलेले होते म्हणून वांचले. टाचणीला टोचलेल्या सुक्या कीटकांचा बहुतेक संग्रह गेला. इकडे कलकत्त्यावरहि जपानी विमानांचें भय होतें, म्हणून झूलॉजिकल सर्व्हेचे नमुने, ग्रंथ व कागदपत्र १९४२ सालीं काशीस, वरुणा नदीच्या कांठच्या कैसर कॅसल या वास्तूंत हलविलेले होते. आगीपासून वांचविण्यासाठीं जें नेलें त्यावर पाणी आलें. १९४३ च्या सप्टेंबरांत वरुणेला महापूर येऊन संग्रहाची व ग्रंथांची फार मोठी हानि झाली. पुराच्या पाण्यांत बाटल्या तरून जातात. शाईनें लिहिलेली चिठ्ठी तरत नाहीं. नमुना हातीं राहिला आणि त्याचें गांव पुसून गेलें, अशी अवस्था अशा वेळीं होते.

असें संकट केवळ युद्धकाळांतच येतें असें समजण्याचें कारण नाहीं. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्रीं ब्राझीलच्या रिओ द जानेरो येथील राष्ट्रीय संग्रहालयाला आग लागली. संस्था दोनशें वर्षांची होती. सुमारें पन्नास लाख कीटकांचा तेथला संग्रह जवळजवळ संपूर्ण जळाला. त्यांत न्यूटन दियास दुस सांतुस यानें जन्मभर खपून उभारलेला चतुरांचा विभाग होता. शांततेच्या काळांत, एका मोठ्या शहरांत राहिलेल्या संस्थेची ही गत झाली.

अशा प्रसंगीं निदान चिठ्ठीची नक्कल तरी दुसरीकडे असावी, ही कल्पना कोणालाहि सुचेल. पण संगणकीय नोंदवह्यांचा आरंभ या भीतींतून झाला नाहीं. तो झाला नकाशे काढण्याच्या हौसेंतून. ब्रिटनमध्यें १९६४ सालीं जीवजातींच्या नोंदी गोळा करणारें एक केंद्र निघालें, आणि १९६८ पासून चतुरांच्या नोंदींची योजना त्याच्या आश्रयानें सुरू झाली. शाळामास्तर, निवृत्त कारकून, पाद्री अशा हौशी लोकांनीं कार्डें भरून पाठविलीं. जुन्या संग्रहांतील चिठ्ठ्याहि उतरून घेण्यांत आल्या. त्यावरून १९९६ सालीं ब्रिटन व आयर्लंडच्या चतुरांचा नकाशासंग्रह छापला गेला. पुढें २००१ सालीं कोपनहेगन येथें निरनिराळ्या देशांनीं मिळून जागतिक जीवविविधता माहितीची संस्था स्थापिली. संग्रहालयांतील चिठ्ठ्या आणि आजच्या निरीक्षकांच्या नोंदी तिच्याकडे एकत्र होतात, आणि कोणालाहि त्या घरबसल्या, विनामूल्य पाहतां येतात. २०१८ च्या जुलैमध्यें तेथील नोंदींची संख्या एक अब्जावर गेली. यांत झाडें, पक्षी, मासे सर्व आले. चतुरांचा वाटा त्यांत लहानच. तरीहि किमिन्सची यादी हातीं घेऊन जो पूर्वीं लंडनची वाट धरी, त्याला आतां पुष्कळ मूळ नमुन्यांचीं छायाचित्रें, चिठ्ठीसकट, आपल्या टेबलावर पाहतां येतात.

या नोंदवहीचा सर्वांत मोठा उपयोग झाला तो चतुरांचें भवितव्य अजमावण्याकडे. २००९ सालीं जगांतल्या १,५०० जातींची निवड करून त्यांची स्थिति तपासण्यांत आली. दहांतील एक जात नाहींशी होण्याच्या मार्गावर आहे असें आढळलें. आणि शेंकडा ३५ जातींविषयीं तर मत देण्यापुरतीहि माहिती नव्हती. कित्येक जातींच्या नांवावर जमा होती ती एखादी जुनी चिठ्ठी, त्यापलीकडे कांहीं नाहीं. २०२१ सालीं ६,०१६ जातींची तपासणी पुरी झाली. शेंकडा १६ जाति धोक्यांत निघाल्या. दक्षिण व आग्नेय आशियांत हें प्रमाण एकचतुर्थांशाहून अधिक भरलें, आणि पाणथळ जमिनी व वर्षावनें तोडून पिकें लावणें हें त्याचें मुख्य कारण ठरलें. असा अंदाज करण्यास, पूर्वीं कोठें होता व आतां कोठें नाहीं, ह्या दोन गोष्टी ताडून पाहाव्या लागतात. त्यांतली पहिली गोष्ट जुन्या चिठ्ठीशिवाय कोण सांगणार?

पण नोंदवही भरणारा कारकून मूळ कागद वाचण्यांत चुकला, तर चूक शाईपेक्षां संगणकांत अधिक वेगानें पसरते. फाब्रिशियसच्या ‘हिंदुस्थान’ या एका शब्दाचें संगणकानें काय करावें? नकाशावर ठिपका देण्याचा हुकूम झाला म्हणजे तो देशाचा मध्यबिंदु शोधतो, आणि समुद्रकिनाऱ्यावरून आलेला चतुर विदर्भांत किंवा मध्यप्रदेशांत कोठें तरी नेऊन बसवितो. अक्षांश-रेखांशाचे रकाने रिकामे राहून त्यांत शून्य पडलें तर तोच चतुर आफ्रिकेच्या पश्चिमेस, भर समुद्रांत दिसूं लागतो. हे विनोद झाले. ते लगेच लक्षांत येतात. न लक्षांत येणाऱ्या चुका अधिक वाईट. जुन्या चिठ्ठीवर ‘पूना’ असें असलें तर तें शहर, जिल्हा, कीं जवळपासची एखादी छावणी? ‘निळगिरि’ म्हटलें तर पायथा कीं माथा? चतुराच्या दृष्टीनें या दोहोंमध्यें जमीनअस्मानाचें अंतर आहे. शिवाय, नमुन्याची जात प्रथम ओळखतांनाच चूक झाली असेल तर ती नोंदवहींत निमूटपणें उतरते, आणि नमुना पुन्हां काढून भिंगाखालीं धरल्याशिवाय सुधारत नाहीं. छायाचित्रावरून पुष्कळ जाति ओळखतां येतात. परंतु शेपटीच्या टोकावरचे ते अवयव चित्रांत नेमके आडवे आले नाहींत तर जाणकारालाहि हात टेकावे लागतात.

नोंदवहीनें कीटकाची जागा भरून निघत नाहीं, याचा दाखला त्या पिवळसर चतुरानेंच दिला. मालदीव बेटांवर गोडें पाणी जमिनीवर जवळजवळ टिकत नाहीं. तेथें चतुरांची पैदास होण्यास सोय नाहीं. असें असतां दर वर्षीं ऑक्टोबरमध्यें हे चतुर त्या बेटांवर हजारोंनीं उतरतात. तेथें राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या समुद्रजीवशास्त्रज्ञानें बरींच वर्षें त्यांच्या येण्याच्या तारखा टिपून ठेवल्या, आणि २००९ सालीं असें प्रतिपादिलें कीं हे थवे भारताकडून निघून, वाऱ्याच्या साह्यानें समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेस जात असावेत. तारखांवरून एवढें अनुमान निघालें. पुढची पायरी गांठण्यास मात्र प्रत्यक्ष चतुर हवे होते. डिंभ ज्या पाण्यांत वाढतो त्या पाण्यांतील हायड्रोजनाची खूण त्याच्या पंखांत राहते, आणि निरनिराळ्या प्रदेशांतल्या पावसाच्या पाण्यांत हलक्या व जड हायड्रोजनाचें प्रमाण निरनिराळें असतें. मालदीवमध्यें धरलेल्या चतुरांचे पंख तपासून २०१२ सालीं शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं ते उत्तर भारताच्या व त्याच्या आसपासच्या प्रदेशांतून आलेले आहेत. दोन शतकांपूर्वीं ‘हिंदुस्थान’ एवढाच पत्ता मिळालेल्या कीटकाच्या पंखावर त्याच्या जन्मस्थानाचें पाणीच लिहिलेलें निघालें. फाब्रिशियसच्या काळीं हें वाचण्याची विद्या नव्हती. कीटक जपून ठेवला तरच उद्यांची विद्या त्याला लावतां येते.

महाराष्ट्राचें पान या दप्तरांत अजून कोरें होत चाललेलें नाहीं; उलट त्यावर नव्या ओळी पडत आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्यांतून २०१९ सालीं टाचणीची एक नवी जात वर्णिली गेली. २०२२ सालीं आंबोलीजवळच्या चौकुळ गांवाचें नांव एका चतुराला मिळालें. त्यांच्या आधीं २०२० सालीं कोकणच्या किनारपट्टीवरून आणखी एक चतुर शास्त्राला ठाऊक झाला, आणि त्याला कोकणाचेंच नांव देण्यांत आलें. हा निराळा आहे असें म्हणण्यापूर्वीं त्याला त्याच्या जुन्या भावाशीं ताडून पाहावें लागलें. तो भाऊ म्हणजे रांबूरनें १८४२ सालीं वर्णिलेला करड्या, ठिपक्याठिपक्यांच्या अंगाचा चतुर. अशा नव्या वर्णनांत आतां गांवाबरोबर अक्षांश-रेखांश, उंची व तारीख देण्याचा प्रघात पडला आहे, आणि मूळ नमुने कोणत्या संस्थेंत, कोणत्या क्रमांकाखालीं ठेवले तेंहि सांगावें लागतें. रांबूरच्या त्या जुन्या जातीला मात्र शोधण्यास कोकणांत जावयास नको. विहिरीचे कठडे, सिमेंटच्या टाक्या, चाळींच्या आवारभिंती या तिच्या आवडत्या जागा होत. मुंबईंत कितीएक घरांच्या मागल्या भिंतीवर ती पंख पसरून बसलेली असते. तिचा रंग भिंतीच्या रंगांत इतका मिसळून जातो कीं हातभर अंतरावरून जाणाऱ्यालाहि ती दिसत नाहीं.